पोस्टमनकाकांचा डावा खांदा

७ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समज. मी ठीक आहे. तूही ठीक असशीलच, नाहीतर वहिनीने आधी तेच सांगितलं असतं.

पत्र लिहायचं कारण म्हणजे माझा फोन तू घेत नाहीस. तो वाजून वाजून बंद पडतो, मग पाच मिनिटांनी वहिनीचा येतो आणि ती अशी कुजबुजत बोलते की मी कुणी फरारी आहे असं वाटावं. पत्र तरी तू उघडशील. अक्षर ओळखीचं आहे. दुकानातल्या वहीत बाबांच्या खालोखाल हेच अक्षर आहे.

'बाईसाहेबांचं कॉम्प्युटर कुठवर आलं?' असं तू वहिनीकरवी विचारलंस. सांगते. आमचा वर्ग टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरतो. जिन्यात मोठं पोस्टर आहे, 'सहा महिन्यांत नवं आयुष्य'. त्यावर एक मुलगी लॅपटॉपकडे बघून खळखळून हसते आहे. मला चार महिने झाले, लॅपटॉपमध्ये एवढं हसण्यासारखं काय असतं ते अजून दिसलेलं नाही. त्या मुलीचं जॅकेट मात्र तिच्या मापाचं नाही. पाठीत चांगलं सैल आहे आणि फोटोपुरते मागून चिमटे लावलेत, ते खांद्याच्या ओढीवरून कळतं. इथलं सगळं काम समोरून दिसण्यापुरतं आहे, हे मी पहिल्या दिवशी जिन्यातच ओळखलं.

शिकवणारा सव्वीस वर्षांचा. आम्ही त्याला टाळीसर म्हणतो. कुणाचा प्रोग्राम चालला की 'एकदा जोरदार टाळ्या'. कुणाचा बंद पडला तरी टाळ्या, कारण त्याने धाडस केलं. परवा आमचा एकजण तोंड धुऊन वर्गात आला तर दोघातिघांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी उभ्या जन्मात मला एकदाच 'बरं बेतलंयस' म्हटलं होतं आणि त्या एका वाक्यावर मी वीस वर्षं काढली. इथे दिवसाला चाळीस टाळ्या मिळतात, पण त्यातली एकही खोलीवर येईपर्यंत टिकत नाही.

भिंतीवर रंगीत अक्षरांत लिहिलंय, 'चुका करा, लवकर करा'. ज्याने लिहिलं त्याच्या हातात एकदा कात्री द्यावी आणि पुढे परक्याचं कापड अंथरावं. मग बघू किती लवकर करतो ते.

आमच्या गटात तिघं आहोत. एक कॅशियर, ज्याच्या बँकेला आता कॅशियर लागत नाहीत. तो दिवसभर पोट आत घेऊन बसतो आणि जेवायच्या सुट्टीत सोडतो. दुसरी नर्स. वीस वर्षं उभं राहून तिचे गुडघे गेले, म्हणून बसून करायचं काम शिकते आहे. ती कमी बोलते आणि टाळ्या अजिबात वाजवत नाही, म्हणून आमचं जमलं. तिसरी मी, वय त्रेचाळीस. टाळीसर माझ्याबद्दल 'या वयात कमाल' असं म्हणतो. 'या वयात' हे दोन शब्द तो इतक्या मायेने उच्चारतो की हातातली पट्टी घेऊन त्याच्या मागे धावावंसं वाटतं. त्याच्या शर्टाचा खांदा अर्ध्या दंडावर उतरलेला असतो आणि तो मला आयुष्य कसं बेतावं ते सांगतो.

पण खोटं कशाला बोलू, कामात मला गोडी लागली आहे. प्रोग्राम लिहिणं म्हणजे बेतणंच. आधी सगळं डोक्यात उभं करायचं, मग एकेक तुकडा कापायचा, आणि शेवटी तुकड्याला तुकडा बसला पाहिजे. वर्गात सगळ्यांच्या आधी माझं चालतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मी निघाले तेव्हा तू काउंटरवर टेप गुंडाळत गिऱ्हाइकाला म्हणालास, "जाऊन जाऊन कुठे जाणार? महिन्याभरात येईल परत पडद्यामागे." गिऱ्हाईकही हसलं. त्याची पँट मीच कापली होती.

मी का निघाले ते तू लोकांना सांगतोस का रे? वहिनी म्हणाली, कुणा आजारी मावशीच्या सेवेला गेले असं सांगतोस. आपल्याला मावशी नाही. शिंपी मंडळाच्या समारंभात तू नवीन सफारी घालून स्टेजवर गेलास आणि 'उत्कृष्ट कटिंग मास्तर' असं मानपत्र घेऊन आलास. ज्या कोटाचं ते मानपत्र, तो मी कापला होता. शिवण तुझी होती आणि ती चांगली असते, ते मी कधीच नाकारलं नाही. पण कापडाला कात्री लावायची वेळ आली की तुझे हात कापतात, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि बाबांना माहीत होतं. म्हणून तर तू पुढे आणि मी मागे. ते मानपत्र तू बरोबर माझ्या पडद्याच्या वर टांगलंस. खिळा ठोकत होतास तेव्हा मी आत बसले होते, केसांत चुना पडला. दुसऱ्या दिवशी मी इथला फॉर्म भरला.

वहिनी म्हणत होती, मापांची वही सापडत नाही. माळा उपसलास, कपाटं पुढे ओढलीस. नीट शोध. नाहीतरी मास्तर म्हणवणाऱ्याला जुन्या गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ असायला हवीत.

इथे माझ्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, बाकी सगळं क्षेम.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

ति. दादास,

नमस्कार. तुझं उत्तर आलं नाही, येईल असं मी धरलंही नव्हतं.

बातमी अशी की आमच्या गटाचं काम सगळ्यांत पुढे आहे. मापं घातली की कोटाचे सगळे तुकडे आखून देणारा प्रोग्राम मी लिहिला आहे. मी लिहिला आहे हे नीट वाच. कॅशियरने आकडे भरले आणि नर्सने तपासले, पण डोकं माझं. आखणी पडद्यावर येते आणि मशिन तशीच कापून देतं. खडू नको, पट्टी नको आणि पुढे उभा राहून मिशा कुरवाळणारा कुणी नको. तयार कपड्यांची एक कंपनी अठ्ठावीस तारखेला बघायला येणार आहे. आवडलं तर प्रोग्राम घेतील आणि त्याच्याबरोबर मलाही.

त्या दिवशी सगळ्यांसमोर एका माणसाला कोट घालून दाखवायचा आहे. मी पोस्टमनकाकांना बोलावलं आहे. आता ते याच शहरात लेकीकडे असतात. दर चार वर्षांनी आपल्याकडे कोट शिवायचे, आठवत असतील. एका शब्दावर हो म्हणाले. "मास्तरांच्या दुकानातला आहे ना? मग बघायचंच नाही," म्हणाले. मास्तर म्हणजे तू, अर्थातच.

माप कुठून आणलं असं तू विचारशील. काही मापं माझ्याही डोक्यात असतात.

बाबांचं ते बोटांचं प्रकरण आठवतं का? गिऱ्हाईक आरशासमोर उभं, बाबा मोठ्याने एकच आकडा सांगणार आणि खोट असली की गिऱ्हाइकाच्या पाठीमागे, पडद्याच्या दिशेने हात धरून बोटं दाखवणार. एक बोट म्हणजे पाव इंच. डावी बाजू उतरलेली असेल तर डावा हात. मी फटीतून बघायचे आणि वहीत दोन आकडे लिहायचे, डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा. कोट शिवून आला की खोट दिसायची नाही आणि आपल्याला खोट आहे हे त्या माणसाला जन्मात कळायचं नाही. केवढा तो खटाटोप, दादा. लोकांच्या कुबडांवर आणि पोटांवर पांघरूण घालण्यात त्या माणसाचा जन्म गेला आणि माझाही अर्धा गेला.

इथे तसले लाड नाहीत. टाळीसरने आकडे बघितले आणि म्हणाला, "डावं-उजवं वेगळं कसं? भरताना चुकलंय. आकडे साफ करा." मी तीन ओळी लिहिल्या. दोन्ही बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्हीकडे तीच घालायची. सहाशे माणसं एका क्षणात सरळ झाली. टाळ्या झाल्या. या वेळी मलाही त्या आवडल्या, हे कबूल करते.

वहिनीने वही रद्दीत घातली असं म्हणून तू तिच्याशी बोलणं टाकलंस म्हणे. हे जरा अतीच आहे. ताट तिच्या हातून घेतोस आणि पाणी हवं असलं की भिंतीला सांगतोस, असं ती म्हणाली आणि हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. वही काय, आज ना उद्या सापडेल.

कळावे.

तुझी,
धाकटी


२ एप्रिल

दादा,

आधी हे पत्र खाली ठेव, आत जा आणि वहिनीची माफी माग. मग पुढचं वाच.

वही तिने रद्दीत घातली नव्हती. वही मी आणली. मानपत्र टांगलंस त्या संध्याकाळी तू कुलूप लावायच्या आधी मी ती पिशवीत घातली आणि वर माझी शाल टाकली. माझं अक्षर आहे, मेहनत माझी आहे, म्हणजे वहीही माझीच, असा हिशेब मी मनाशी केला. त्यातली सहाशे माणसं माझी नव्हती, पण तेव्हा ते सुचलं नाही. त्यांनी आपली अंगं बाबांच्या हवाली केली होती. त्यांना न विचारता मी ती टायरच्या दुकानावर नेली आणि एका टाळ्या वाजवणाऱ्या पोराच्या हवाली केली. वहिनीला तू दीड महिना भिंत करून ठेवलंस, ते मला कळत होतं आणि तरीही मी गप्प बसले. पत्रांतून तुला टोमणे मारायला मला फुरसत होती, एवढं एक वाक्य लिहायला नव्हती.

आता अठ्ठावीस तारखेचं सांगते. खालून टायरवाल्यांच्या हातोड्यांचे आवाज येत होते. वर साठेक माणसं खुर्च्यांवर, कंपनीचे तिघं पहिल्या रांगेत. त्यांचा साहेब मोबाइलवरून मान वर करत नव्हता. पोस्टमनकाका वेळेच्या तासभर आधी आले होते, दाढी करून, बूट पुसून. लेक कामावर गेली होती म्हणून एकटेच आले. बाहेरून शिवून आणलेला कोट त्यांना मीच चढवला. बाहीत हात घालतानाच माझ्या लक्षात आलं. हात लावल्यावर मला कळणार नाही तर कुणाला कळणार?

त्यांचा डावा खांदा उतरलेला आहे, दादा. वहीत लिहिलं आहे, डाव्या हाताची तीन बोटं. बाबा असतानाचं ते माप. त्यानंतर तो आणखी उतरला. तीस वर्षं टपालाची पिशवी एकाच खांद्यावर होती, तो तरी काय करील? आपल्या कोटात ते कुणाला दिसायचं नाही. डावीकडे आत भर जास्त, गळपट्टी थोडी फिरवलेली, खिसा अर्ध्या बोटाने वर. माझ्या तीन ओळींनी दोन्ही खांदे सारखे केले होते. कोट सरळ होता आणि माणूस वाकडा. डावी बाजू लोंबत होती, कॉलर मानेपासून सुटली होती आणि खालची कड एकीकडे गुडघ्याकडे निघाली होती. वर कॅमेरा लावून त्यांना मागच्या भिंतीवर एवढं मोठं दाखवत होते. काकांनी मागे वळून भिंतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

टाळीसर म्हणाला, "सगळ्यांनी जोरदार टाळ्या." साठ माणसांनी वाजवल्या. तेव्हा काका माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "ताई, मी असा वाकडा कधी झालो?"

मी कोटाचं बटण लावत बसले, लावलेलंच काढून पुन्हा लावत बसले. नर्स उठली, तिने त्यांना खुर्ची दिली आणि कॅमेऱ्याची वायर ओढून काढली. टाळीसर तिला म्हणाला, "अहो, कार्यक्रम चालू आहे." ती म्हणाली, "म्हणूनच काढली."

मग कंपनीचा साहेब. त्याने मला बाजूला घेतलं. मी म्हटलं, "आखणी चुकली. तीन ओळी मी काढून टाकते, डावं-उजवं पुन्हा वेगळं करते. दोन दिवस द्या." तो म्हणाला, "कशाला? बहुतेकांना बसतो ना? ज्यांना बसत नाही ते एक नंबर मोठा घेतील." मी विचारलं, "मग सहाशे माणसांची मापं कशाला हवीत तुम्हाला?" तर म्हणाला, "तेच तर आम्हाला हवंय. वही आणि तुम्ही, दोन्ही सोमवारी घेऊन या." माझ्या आधी वही, हे ऐकलंस ना? त्याच्या अंगावर भारी जॅकेट होतं आणि पाठीत दोन बोटं सैल. अशा माणसांसाठी मी सहा महिने घोकंपट्टी केली.

सोमवारी मी गेले नाही. निरोप पाठवला की वही मालकांकडे परत जाते आहे. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, 'मग आपल्याला तसदी देत नाही.' मी प्रोग्राममधून सहाशेच्या सहाशे माणसं पुसून टाकली. कॅशियर रडायच्या बेतात होता. आकडे त्याने भरले होते ना. टाळीसर म्हणाला, ताई, तुम्हाला अपयश पचवता येत नाही. मी त्याला म्हटलं, शर्ट घेऊन ये कधीतरी, खांदा वर घेऊन देते. तो खूश झाला. त्याला वाटलं मी माफी मागते आहे.

त्यांचा तिरस्कार करणं सोपं आहे, दादा. ते मूर्ख आहेत हे मला जिन्यातच कळलं होतं. पण त्या तीन ओळी त्यांनी लिहिल्या नाहीत. डावा खांदा वेगळा असतो हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. मला तुमच्या दुकानाचा, तुझा, बाबांच्या बोटांचा इतका राग होता की मला ती सगळी माणसं सरळ करून टाकायची होती. त्या पोरांची मला जेवढी घाण वाटते त्याच्या दुप्पट माझी वाटते, आणि तुझी थोडी कमी, कारण तू निदान पोस्टमनकाकांना भिंतीवर चढवलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या लेकीकडे गेले आणि सगळं सांगितलं. पिशवीचं, बोटांचं, पडद्याचं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मास्तरांनी कधीच कापला नाही माझा कोट?"

मी म्हटलं, "नाही. मी कापायचे."

"माझा खांदा लपवलात, ते कळलं. माणसाला वाईट वाटू नये म्हणून. पण तुम्हाला कशाला लपवलं?"

दादा, याचं उत्तर मी दिवसभर शोधलं आणि मला एकच सापडलं. आपल्या घरात मीच ती खोट होते. बाबांनी बोटांनी दाखवायची आणि तू वरून शिवून टाकायची. तेवीस वर्षं कोट सुरेख बसला आणि आत काय आहे ते बाहेर कुणाला कळलं नाही.

मी परत येत नाही. हे काम मला येतं आणि आवडतं, ते या लोकांच्या हाती सोडणार नाही. नर्सच्या जुन्या हॉस्पिटलात रुग्णांच्या नोंदींच्या प्रोग्रामसाठी माणूस हवा आहे, गुरुवारी बोलावलं आहे. तिथे डावं-उजवं एक करून चालत नाही, ती म्हणाली. पहिल्यांदाच तिला हसताना बघितलं.

या पार्सलात वही आहे. त्याखाली कापड आहे. माझ्या खोलीतल्या जेवायच्या टेबलावर मी काकांचा कोट नव्याने कापला आहे, हाताने, खडू लावून. माप पुन्हा घेतलं. डावा खांदा आता पाच बोटं. वहीत लिहिला आहे. मापं घेताना काका म्हणाले, आता मोठ्यानेच सांगा, म्हणून मी मोठ्याने सांगितलं. ते आरशात बघत होते आणि त्यांनी मान हलवली, एवढंच.

पार्सल मी टपालात टाकणार होते, तर ते रागावले. म्हणाले, "माझ्या देखत?" तेव्हा तेच घेऊन येतील. म्हणजे तू हे वाचतो आहेस तेव्हा ते काउंटरच्या पलीकडे उभे आहेत. आधी त्यांना खुर्ची दे. कोट शिवून दे, तुझी शिवण चांगली असते.

आणि त्यांना सांग की हा कोट कुणी कापला आहे, आणि आधीचे कुणी कापले होते. त्यांना ते माहीत आहे, तरी त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, आणि मलाही. दुकानात आणखी गिऱ्हाइकं असतील तर असू देत. वहिनीलाही बाहेर बोलाव. मोठ्याने सांग, दादा. बोटांनी नको.

तुझी बहीण,
कटिंग मास्तर